अंगठा

आपल्या मराठीत अंगठ्याला म्हणावी तशी प्रतिष्ठा नाही. लिहितावाचता येत नाही तो अंगठाबहाद्दर. देतो देतो म्हणून ऐनवेळी हात झटकणारा, त्याने अंगठा दाखवला. सावकाराच्या कागदावर पिढ्यान्‌पिढ्या उमटत आला तोही अंगठाच. उलट तर्जनीला दटावण्याचा अधिकार आहे, करंगळीच्या नावावर गोवर्धन जमा आहे, आणि बिचाऱ्या अनामिकेला नाव नसले तरी दागिना मिळतो. त्यातली गंमत अशी की ‘अंगठी’ हा शब्द अंगठ्यावरून आलेला. नाव याचे आणि मिरवणार ती!

या पानावर मी एरवी शब्दांच्याच खोड्या काढीत असतो. तेव्हा दिवाळी अंकासाठी हाच एक शब्द घ्यावा आणि चार घटका वाचकांची करमणूक करावी, असा बेत होता. पण लिहायला बसलो आणि शब्द राहिला बाजूला. आमच्या दादाचा अंगठा डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला. त्या अंगठ्यापायी माझ्याकडून एक गोष्ट कबूल करायची राहून गेली आहे. आज ती उरकून टाकतो.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. आमचे गाव कराडच्या खाली कृष्णाकाठी. वडील अकाली गेले तेव्हा दादा नववीत होता. तो शाळा सोडून बैलांमागे गेला आणि मी शाळेतच राहिलो, पुढे एम. ए. होऊन पुण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. आमच्या घरातील कामाची वाटणी ही अशी झाली आहे, आणि तिचा हिशेब दादाने कधी मांडलेला नाही.

२०१८ सालची वसुबारस. गाईवासराची पूजा व्हायची म्हणून दादा पहाटेच गोठ्यात गेला. पहाटेची वीज होती तोवर वैरण करून टाकावी म्हणून त्याने कडबाकुट्टीचे यंत्र सुरू केले. ओला मका होता, तो तोंडाशी अडकला. दादाने बटण बंद केले, पण यंत्राचे जड चाक बटण बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरत राहते. ही गोष्ट कडबाकुट्टी वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, दादालाही माहीत होती. त्याने अडकलेली ताटे ओढायला हात घातला, आणि चाकावरच्या पात्याने उजव्या हाताचा अंगठा मुळापासून उडवला.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात उटण्याची पुडी शोधत होतो. त्या रडत नव्हत्या. “भावजी, ह्यांचा अंगठा तुटलाय. पार तुटलाय. अंगठा हाय माझ्याकडं. काय करू?”

वर्गात वीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाला एक खोड लागते. प्रश्न आला की उत्तर द्यायचेच, आणि तेही ठाम आवाजात. मी म्हणालो, “आधी बर्फात घाला अंगठा. मिळेल तेवढ्या बर्फात पुरून ठेवा. आणि गाडी काढा, मी इथं डॉक्टर बघून ठेवतो.”

डॉक्टर मी खरोखरच पाहून ठेवले. ते काम बरे झाले. बर्फाचे सांगणे मात्र कसे होते ते पुढे कळेल.

दादाला तालुक्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, धनुर्वाताची सुई टोचली. तो भला माणूस निघाला. म्हणाला, “मी जखम शिवून तुम्हाला दुपारी घरी पाठवू शकतो. पण अंगठा आहे, आणि अजून वेळ आहे. इथं थांबू नका.” सात वाजता तुटलेला अंगठा दुपारी बाराच्या सुमारास पुण्याला पोचला. दादा मागच्या सीटवर हात वर धरून बसलेला, आणि वहिनींच्या मांडीवर आमची दुधाची किटली.

ज्यांनी अंगठा जोडायचा त्या शल्यचिकित्सक बाई वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा होत्या. त्यांनी किटलीचे झाकण काढले. आत बर्फाचे तुकडे घातलेले पाणी. त्यात तोंड घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत पाण्यात भिजवून पिळलेले धुवट कापड, आणि त्या घडीत अंगठा. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “हे कोणी बांधलं?”

वहिनी घाबरल्या. “चुकलं का काय?”

“चुकलं नाही. थेट बर्फात टाकून आणला असता तर मला फार काही करता आलं नसतं. बर्फ लागला की पेशी गोठतात, फुटतात. भाजल्यासारखंच होतं. ज्यानं सांगितलं त्याला माझा नमस्कार सांगा.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले देखील नाही. “भावजींनी फोनवर सांगितलं तसं केलं,” त्या म्हणाल्या.

बाईंनी मला खरोखर नमस्कार केला आणि मी तो घेतला! हीच ती कबुली. पुढे कितीतरी दिवस आमच्या आप्तमंडळींत “प्रोफेसरांमुळे अंगठा वाचला” असे बोलले जात असे. मी प्रत्येक वेळी काहीतरी पुटपुटत असे, पण ‘नाही’ म्हणत नसे.

वहिनींना हे सुचले कसे, ते त्याच रात्री दवाखान्याच्या बाकावर त्यांनी मला सांगितले. आदल्या आठवड्यात गावात जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला माणूस आला होता. गाई धरायला वहिनी उभ्या होत्या. लशीच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात होत्या, पण बर्फाला लागून नव्हत्या. मध्ये काहीतरी घातलेले होते. वहिनींनी विचारले तेव्हा तो म्हणाला, “लस गार पाहिजे, पण गोठली की मेली.” वहिनी म्हणाल्या, “मी म्हटलं, लस मरती तर अंगठा मरंल की.” मी एम. ए.ला बसलो तेव्हा तर्कशास्त्र हा विषय नव्हता, एवढेच स्वतःच्या समर्थनार्थ सांगू शकतो.

वाचकहो, आपल्यापैकी कोणावर हा प्रसंग न येवो. आलाच तर वहिनींची किटली लक्षात ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात, कापड पिशवीत, पिशवीचे तोंड बंद, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात. नुसत्या बर्फात नाही, आणि अंगठा उघडा पाण्यात किंवा दुधात बुडवूनही नाही. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा. सुतळीने आवळू नये. बोटात स्नायूंचे मांस नसते, म्हणून ते धीर धरते: गार ठेवले तर चोवीस तासांपर्यंत, न ठेवले तर बाराएक तास, असे डॉक्टर धरतात. खांद्यापासून किंवा कोपरावरून तुटलेल्या हातात स्नायू असतात, त्याला हा वेळ मिळत नाही. तिथे सहा तासांचीच भाषा.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. त्या सहा तासांत माझ्या मनात येऊ नये तो एकलव्य येऊन बसला. अंगठा कापून दिल्यावर तो नुसत्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीचा वेग राहिला नाही, असे महाभारतात आहे. वर्गात मी या प्रसंगावर गुरुदक्षिणा, अन्याय, वर्ण असे पुष्कळ बोलत आलो. दादाची आणि अंगठ्याची ताटातूट होईपर्यंत त्या साध्या वाक्याकडे मात्र माझे कधी लक्ष गेले नव्हते. हाताचे डॉक्टर म्हणतात की हाताच्या एकूण कामापैकी चाळीस टक्के काम एकट्या अंगठ्याचे. चारही बोटे एका बाजूला आणि हा एकटा समोर. तो समोर येतो म्हणून तर विळा धरता येतो, लेखणी धरता येते, आणि गाईच्या सडाला हात लावता येतो.

पुढे, दादा बरा होत असताना, मी या विद्येची माहिती धुंडाळली. तिची एक कडी आपल्या पुण्याशीच जुळते, हे वाचून मी चकित झालो. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी उलटवून नवे नाक बसवले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. युरोपातल्या शल्यवैद्यांनी त्यावरून धडे घेतले. हा भाग आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण मला त्या कावसजीच्या हाताची आठवण होत राहिली. नाक परत आले. हात गेला तो गेलाच.

असे का? तर कपाळाची कातडी देठासकट वळवली होती. देठातून रक्त येत राहिले म्हणून ती जगली. तुटून पडलेल्या अवयवाला देठ नसतो. त्याच्या रक्तवाहिन्या एकेक करून जोडाव्या लागतात, आणि रक्तवाहिनी शिवणे ही गोष्ट त्या वैद्याला काय, पुढची शंभर वर्षे कोणालाच नीट साधली नाही. १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लिआँ शहरात एकाने सुरा खुपसला. पोटातली मोठी शीर तुटली होती. ती शिवता येईना म्हणून राष्ट्राध्यक्ष दगावले. त्या शहरात अलेक्सिस कारेल नावाचा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी होता. त्याच्या मनाने घेतले की शीर शिवता आलीच पाहिजे. मग तो कोणाकडे गेला असेल? भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे! लिआँ हे रेशमाचे शहर. तिथे बारीक सुई आणि रेशमाचा धागा कसा चालवायचा ते त्याने शिकून घेतले आणि १९०२ साली आपली रीत प्रसिद्ध केली: नळीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ताणायचे, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवणे सोपे जाते. १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. भरतकामवाल्या बाईंना काय मिळाले, याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. (वहिनींना काय मिळाले, ते वर आलेच आहे.)

तरीही बोट दूर होते. अंगठ्यातल्या रक्तवाहिनीचे तोंड असते खसखशीच्या दाण्याएवढे, सुमारे एक मिलिमीटरचे. ती नुसत्या डोळ्यांना दिसेल, पण शिवता येणार नाही. १९६० साली अमेरिकेत व्हर्माँटमध्ये ज्युलियस जेकबसन यांनी बारीक वाहिन्या शिवायला सूक्ष्मदर्शक वापरला आणि वाट मोकळी झाली. १९६२ मध्ये बॉस्टनला रोनाल्ड मॉल्ट यांच्या पथकाने मालगाडीने तोडलेला बारा वर्षांच्या मुलाचा अख्खा हात जोडला. १९६३ मध्ये शांघायला चेन झोंगवेई यांनी एका कामगाराचा पंजा जोडला. आणि जुलै १९६५ मध्ये जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई या दोघांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला. बोट जोडण्याची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानतात. जग चंद्रावर जाण्याच्या तयारीत होते त्या दिवसांत या दोघा जपान्यांनी अंगठा मनावर घेतला, याचे मला अधिक कौतुक वाटते. माझ्या घरच्यांचा चंद्राशी संबंध संकष्टीपुरता.

बाईंनी दादाचा अंगठा जोडला तो याच वाटेने. आधी हाड थोडे घासून आखूड केले, म्हणजे वरच्या नाजूक गोष्टींवर ताण येत नाही. मग दोन बारीक तारा घालून ते पक्के केले. मग अंगठा वाकवणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या दोऱ्या. आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली रक्त आणणाऱ्या वाहिन्या, रक्त नेणाऱ्या वाहिन्या आणि मज्जातंतू. धागा केसाच्या निम्म्याहूनही बारीक. एकेका वाहिनीला सहा-आठ टाके. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “गुलाबी झालाय.” त्या एका शब्दाने वहिनी, सकाळपासून पहिल्यांदाच, रडल्या.

पण एवढ्याने संपत नाही. दुसऱ्या रात्री अंगठा जांभळा पडू लागला. बाई समजावून सांगू लागल्या, तर दादाच मध्ये म्हणाला, “म्हंजे पाणी येतंय, पण निचरा न्हाई. आमच्या उसाच्या रानागत.” कृष्णाकाठची पाण्याने खराब झालेली राने ज्याने पाहिली आहेत त्याला नीला आणि रोहिणी यांतला फरक शिकवावा लागत नाही. बाई हसून म्हणाल्या, “अगदी तेच.” अशा वेळी जळवा लावण्याची रीत आहे. सुश्रुताने सांगितलेली जळू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच कामासाठी पाश्चात्त्य रुग्णालयांत परत आली. १९८५ साली बॉस्टनमध्ये एका लहान मुलाचा जोडलेला कान जळवांनी वाचवला. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. दादाच्या बाबतीत नख काढून तिथून थेंबथेंब रक्त वाहू दिले आणि निचऱ्याची नवी वाट तयार होईपर्यंत, चार दिवस, तासातासाने रंग पाहिला. भाऊबीज त्या खोलीतच झाली. बहिणीने ओवाळले ते डाव्या हाताकडे बघत.

दादावर दोन बंधने आली. चहाकॉफी बंद, आणि तंबाखू कायमची बंद. तिने वाहिन्या आकसतात. “तंबाखू मळायला अंगठा लागतो,” दादा म्हणाला, “आणि अंगठा लावला तर म्हणे तंबाखू सोड. मग लावला कशाला?” असा हा माणूस.

शेजारच्या खाटेवर चाकणकडच्या एका कारखान्यातला बिहारी मुलगा होता. विसाचाही नसेल. प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. पात्याने तुटलेले जोडता येते, चेचलेले फारसे जोडता येत नाही. वाहिन्या आतून लांबवर फाटलेल्या असतात. शिवाय प्रत्येक तुटलेले बोट जोडावेच असेही नाही, हे मला तिथेच कळले. अंगठा असेल, अनेक बोटे असतील, लहान मूल असेल, तर डॉक्टर शर्थ करतात. एखादे एकटे बोट जोडून ताठ काठीसारखे राहणार असेल, तर हातावर पोट असलेल्या माणसाला ते नसलेलेच बरे पडते. तो महिन्याभरात कामाला लागतो. हे ऐकायला कठोर वाटते, पण मला पटले. न पटण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हात आत असताना प्रेस खाली येऊच नये, अशी सोय करता येते. ती सोय त्या यंत्रावर नव्हती. त्या मुलाने एकदा मला हिंदीत विचारले, “सर, मेरी उँगलियाँ उन्होंने कहाँ रखी होंगी?” मी उत्तर दिले नाही. वीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

दादाच्या तारा सहा आठवड्यांनी निघाल्या. अंगठा अर्धा सेंटिमीटर आखूड, वरचा सांधा ताठ, आणि बधिर. मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. “ऊस बरा की,” दादा म्हणाला. बाईंनी एक साधी परीक्षा सांगितली, ती १९७३ मध्ये ओ’रियेन नावाच्या डॉक्टराने मांडलेली आहे. बोटे बराच वेळ पाण्यात राहिली की सुरकुततात, ती पाणी मुरल्याने, असे आपण समजतो. तसे नाही; ते मज्जातंतूंचे काम आहे. तंतू तुटलेले बोट पाण्यात कितीही ठेवा, गुळगुळीतच राहते. म्हणून दर आठवड्याला वहिनी पातेल्यात कोमट पाणी घेऊन बसत आणि दादाचा हात त्यात अर्धा तास धरून ठेवत. चार बोटे म्हाताऱ्यासारखी आणि अंगठा तान्ह्या बाळासारखा. मला फोन येई, “अजून न्हाई, भावजी.”

२०१९ च्या दिवाळीला आम्ही सगळे गावी होतो. थंडीत तो अंगठा दुखतो, म्हणून दादाने त्यावर लोकरीची टोपडी घातली होती; ती पुतणीने विणलेली. दूध तो पुन्हा काढू लागला होता, पण हळू. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो अभ्यंगस्नान करून आला. वहिनींनी न्हाणीच्या दारातच त्याचा हात धरला आणि कंदिलाखाली नेला. मला हाक मारली. अंगठ्याच्या टोकावर, आतल्या बाजूला, तीन-चार बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. आम्ही तिघे त्या कंदिलाखाली एवढे वाकून काय पाहतो आहोत, म्हणून पोरेही गोळा झाली.

मला राहवले नाही. मी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी मी बर्फात घाला म्हटलं होतं. तुम्हाला आठवतंय ना?”

“आठवतंय की,” वहिनी म्हणाल्या. “बसा आता पाटावर, भावजी. पाणी निवायला लागलंय.”